भाकरीचा मान आणि भोजनातील मात्रा

(संस्थेच्या वर्षावास काळातील आरोग्यविषयक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही आपणांपुढे उभे आहोत ते वजनाविषयी बोलण्यासाठी. संस्थेच्या सभेत शिक्षण, नोकऱ्या, शिष्यवृत्त्या, घरांचे प्रश्न यांवर भाषणे होतात आणि ती झालीच पाहिजेत. पोटाचा घेर, चहातील साखर आणि सकाळचे चालणे हे विषय मात्र आपण घरगुती समजून सोडून देतो. आम्हीही तसेच समजत होतो. काही वर्षांपूर्वी एका प्रसंगाने आमचे डोळे उघडले, म्हणून प्रथम तोच प्रसंग सांगतो.

आमच्यापैकीच एक सहकारी. नाव सांगत नाही. ते आज याच सभागृहात बसले आहेत आणि त्यांच्या संमतीनेच हे सांगत आहोत. त्या वेळी वय सत्तेचाळीस. डोंबिवलीहून रोज मुंबईला नोकरी. सकाळी सातची गाडी, रात्री साडेआठला घरी. एके दिवशी स्टेशनच्या पुलावर अर्ध्या जिन्यात त्यांना दम लागला, घाम फुटला आणि ते कठड्याला धरून खाली बसले. हृदयविकाराचा झटका असावा असे लोकांना वाटले. तपासणीत हृदय ठीक निघाले, परंतु रक्तातील साखर तीनशेच्या वर होती. पायाला दोन महिन्यांपासून एक जखम होती. बूट लागला असेल, म्हणून त्यांनी तिच्याकडे लक्षही दिले नव्हते. शेवटी पायाचे एक बोट काढावे लागले.

आम्ही पाच-सहा मित्र त्यांना भेटायला घरी गेलो. आजाऱ्याला भेटायला गेल्यावर माणसे करतात तेच आम्ही केले, म्हणजे उपदेश केला. भात बंद करा, गोड बंद करा, कमी खा. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "माझ्या जन्माच्या आधी, बहात्तरच्या दुष्काळात माझ्या आईने खडी फोडली. लाल मिलोची भाकरी आणि सुकडी यांवर तिने माझी थोरली भावंडे जगवली. आता कुठे आमच्या घरात चार घास सुखाचे शिजू लागले, तर तुम्ही मला कमी खा म्हणता. दादा, हे माझ्या मनाला पटत नाही."

त्या दिवशी आमच्यापैकी कोणाजवळही त्याचे उत्तर नव्हते. आम्ही चहा घेतला, साखर घातलेलाच, आणि घरी आलो. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा आमचा प्रयत्न होय.

मित्रहो, ज्यांच्या आईबापांनी उपासमार पाहिली त्यांना "कमी खा" हा शब्द अपमानासारखा लागतो. पोटभर जेवणे ही आपल्याकडे साधी गोष्ट नव्हती, ती मिळवावी लागली. म्हणून आपल्या घरात पाहुण्याच्या ताटात जास्तीचा भात वाढणे हा मान आहे आणि चहात साखर कमी घालणे हा कंजूषपणा आहे. यामागची भावना खोटी नाही. परंतु शरीराचा हिशेब वेगळा असतो, आणि तो हिशेब आपल्याच महाराष्ट्रात नीट मांडला गेला आहे.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, कमी वजनाच्या या माता. त्यांच्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलो. इथपर्यंत आश्चर्य नव्हते. आश्चर्य पुढे होते. आपल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी होते, परंतु चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी झालेली नव्हती. म्हणजे दिसायला किडकिडीत, पण आतून चरबी राखून ठेवणारे शरीर घेऊनच ही बाळे जन्माला आली होती.

याच डॉ. याज्ञिकांनी २००४ साली लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांच्यासह स्वतःचाच एक फोटो वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. वजन सारखे, अंगातील चरबी मात्र दुपटीहून अधिक!

यावरून आम्हांला आमच्या सहकाऱ्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळाले. आईची उपासमार मुलाच्या शरीरात खूण ठेवून जाते. ज्या शरीराची घडण टंचाईत झाली, त्याच्यावर पुढे साखर, मैदा, तेल आणि दिवसभराची बैठक यांचा मारा झाला की मधुमेह लवकर येतो, आणि थोड्या वजनावरही येतो. म्हणजे आईने खडी फोडली म्हणून आपण हवे तेवढे खावे, असे होत नाही. आईने खडी फोडली म्हणूनच आपण अधिक सांभाळून राहिले पाहिजे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्या माणसाला मागे फिरता येते, हे आपण पुढे पाहू.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मधुमेह हा कोणाचा गुन्हा नव्हे. परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता, त्यांना इन्सुलिन घ्यावे लागे. अखेरच्या वर्षांत पायांच्या वेदना आणि मंदावलेली नजर यांनी ते त्रासले होते, आणि तशाही स्थितीत त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ पुरा केला. तेव्हा लठ्ठ माणसाला हसणे, मधुमेहीला "तुम्हीच ओढवून घेतले" असे म्हणणे, हे आपल्यात तरी होता कामा नये. परंतु जे आजार टाळता येण्यासारखे आहेत ते टाळण्याची सवड आणि माहिती आज आपणांपाशी आहे. तिचा उपयोग न करणे ही मात्र चूक होईल.

आता उत्तराचा दुसरा भाग. आपल्या आजीच्या ताटात काय होते ते आठवा. देशावर ज्वारी-बाजरीची भाकरी, कोकणात नाचणीची आणि तांदळाची. हुलग्याचे माडगे, मटकीची उसळ, चवळी, अंबाडीची आणि घोळीची भाजी, सुकट, बोंबील, लसणीची चटणी, कच्चा कांदा. हे जेवण गरिबीचे म्हणून ओळखले गेले. मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या अशा खाण्याविषयी शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली लिहिले, तोपर्यंत या पदार्थांना पुस्तकात जागाही फारशी नव्हती. आपण मुंबईला आलो, ठाण्या-कल्याणच्या चाळींत आणि नंतर इमारतींत राहू लागलो, तेव्हा भाकरी मागे टाकली. शाळेच्या डब्यात भाकरी नेण्याची आमच्यापैकी कित्येकांना लाज वाटत असे. पांढराशुभ्र भात, पोळी, पाव, बिस्किटे आणि भरपूर साखरेचा चहा म्हणजे प्रगती, असे आपण समजलो.

त्या काळातील उपासमार आपणांस परत आणायची नाही, हे लक्षात घ्या. तेव्हा भाकरी होती, पण पुरेशी नव्हती. डाळ होती, पण पातळ होती. त्या ताटातील टंचाई टाकायची आहे आणि त्यातील धान्य, कडधान्य व भाजी परत आणायची आहे. ज्या धान्याला आपण लाजलो त्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष 'आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष' म्हणून पाळले. आता तीच नाचणी चकचकीत पाकिटात घालून महाग विकली जाते. आपणांस पाकिटाची गरज नाही. मुरबाड-शहापूरच्या डोंगरउतारांवर नाचणी आणि वरी आजही पिकते. पावसाळ्यात आदिवासी भगिनी टाकळा, शेवळे, कुरडू, भारंगी, कर्टोली घेऊन ठाण्या-कल्याणच्या बाजारात बसतात. त्यांच्याकडून भाजी घ्यावी, आणि घासाघीस न करता घ्यावी.

साध्या, अखंड अन्नाने वजन का उतरते, याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २०१९ साली केव्हिन हॉल यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस माणसांना चार आठवडे रुग्णालयातच ठेवले. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले पाकिटबंद अन्न दिले आणि दोन आठवडे साधे, ताजे रांधलेले. दोन्ही वेळी पुढे ठेवलेल्या अन्नात साखर, चरबी, चोथा यांचे प्रमाण सारखेच होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. पाकिटबंद अन्नाच्या दिवसांत माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे एक किलो वाढले, आणि साध्या अन्नावर तेवढेच उतरले. कोणीही त्यांना कमी खायला सांगितले नव्हते. भाकरी चावावी लागते, उसळीत चोथा असतो, पोट भरल्याचे वेळेवर कळते. वेफर्सचा पुडा संपतो तरी पोट भरल्याचे कळत नाही.

आता साखरेकडे वळू. आमच्या त्या सहकाऱ्याने एके दिवशी स्वतःचाच हिशेब लिहून काढला. उठल्यावर एक चहा, निघताना एक, कार्यालयात तीन, घरी आल्यावर एक. सहा कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे बारा चमचे. एक चमचा पाच ग्रॅमचा धरला तरी रोज ६० ग्रॅम झाली. महिन्याची जवळजवळ पावणेदोन ते दोन किलो साखर एकटा माणूस नुसत्या चहातून पोटात घालत होता! त्यात चहाबरोबरची बिस्किटे, शीतपेय, सणावारी पेढे धरलेले नाहीत. शीतपेयाच्या एका लहान बाटलीतच सुमारे ३० ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत हवी आणि पाच टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक बरे. हे पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, पाच-सहा चमचे.

कोणी म्हणेल, आम्ही गूळ घालतो, मध घालतो. बंधूंनो, शरीराच्या दृष्टीने तीही साखरच आहे. "ब्राउन" म्हणून विकला जाणारा पाव पुष्कळदा रंग दिलेला मैदाच असतो, तेव्हा पाकिटावरची घटकांची यादी वाचावी. गाडीच्या डब्यात वजन उतरवण्याच्या चूर्णाच्या आणि पेयाच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात. त्यांवर एक पैसाही घालवू नये.

तिसरी गोष्ट व्यायामाची. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. दुमजली बसचे चालक आणि वाहक यांचा त्यांनी अभ्यास केला व १९५३ साली प्रसिद्ध केला. दोघेही एकाच बसवर, साधारण एकाच थरातले कामगार. चालक दिवसभर बसून, तर वाहक दिवसभर जिने चढत-उतरत. हृदयविकार वाहकांत कमी आढळला. पुढे १९५६ साली मॉरिस यांनी दोघांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींची कंबर वाहकांच्या विजारींपेक्षा मोठी निघाली. आपल्यात परिवहन सेवेत, रेल्वेत, बँकेत, कचेऱ्यांत काम करणारे पुष्कळ आहेत. आपल्या आजोबांची पिढी वाहकासारखी जगली. आपण सारे चालकाच्या जागी येऊन बसलो आहोत.

आपल्या भागाचे जगणेच तसे आहे. कल्याणहून मुंबई पन्नास किलोमीटरांहून अधिक. गाडीत उभे राहून अंग दुखते, पण तो व्यायाम नव्हे. स्टेशनवरून घरी शेअर रिक्षा, पुलावर सरकता जिना, आणि भूक लागली म्हणून फलाटाबाहेर वडापाव. एका वडापावात अंदाजे ३०० कॅलरी धरल्या, तर त्या खर्च करायला तास-सव्वा तास चालावे लागेल. म्हणून नुसत्या चालण्याने वजन झरझर उतरेल ही आशा धरू नये. वजन मुख्यतः ताटात उतरते. चालण्याने उतरलेले वजन परत चढत नाही, स्नायू टिकतात, साखर आटोक्यात येते, झोप लागते. दोन्ही एकत्र हवीत. आठवड्याला निदान १५० मिनिटे दमदार चालावे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे.

येथवर आम्ही आधुनिक शास्त्राचे दाखले दिले. परंतु आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल की हा विषय भगवान बुद्धांनीही हाताळला आहे. संयुक्त निकायात कोसल देशाचा राजा प्रसेनजित याची कथा आहे. राजा द्रोणभर तांदळाचा भात खात असे. एकदा तो असाच भरपेट जेवून, धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही, उपवासही सांगितला नाही. जो जागरूक राहून जेवणाची मात्रा ओळखतो त्याचा त्रास कमी होतो आणि तो सावकाश म्हातारा होतो, अशा अर्थाची एक लहान गाथा सांगितली. राजाच्या मागे सुदर्शन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवणाच्या वेळी ती म्हणण्याबद्दल शंभर कार्षापण देऊ केले. हळूहळू राजा द्रोणावरून नाळीभर भातावर आला. पुढे अंग सडपातळ झाल्यावर स्वतःच्या अंगावरून हात फिरवीत त्याने भगवंतांच्या करुणेबद्दल कृतज्ञता व्यक्त केली.

या कथेत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, बदल हळूहळू झाला. ज्या भगवंतांनी स्वतः देह झिजवणारे उपवास करून पाहिले आणि सोडून दिले, ते राजाला उपाशी राहायला कसे सांगतील? दुसरी गोष्ट, राजालाही एकट्याने जमले नाही. जेवताना आठवण करून देणारा माणूस त्याला लागला. आम्हांलाही तेच लागले. चालण्याविषयी सांगायचे तर अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवासाची ताकद येते, प्रयत्न करण्याची क्षमता येते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते, आणि चालताना साधलेली समाधी टिकते. यातील पहिले चार लाभ आज कोणताही डॉक्टर सांगेल.

आता आम्ही काय केले ते थोडक्यात सांगतो. आम्ही सात जण जमलो. आमचे सहकारी पाय बरा झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, आठवे म्हणून आले. आम्ही ठरवलेले नियम असे:

१. चहा दिवसातून दोनदा. साखर दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी. दोन महिन्यांत जिभेला सवय होते, हा आमचा अनुभव आहे.

२. ताटाचे अर्धे भाजी-कोशिंबिरीला, पाव भाग भाकरी किंवा भाताला, पाव भाग डाळ, उसळ, अंडे किंवा मासळीला. मटण खाणाऱ्याने खावे, परंतु तेलाची तर्री आवरावी.

३. आठवड्यातून निदान चार दिवस भाकरी.

४. रात्रीचे जेवण लवकर. गाडी उशिरा येणाऱ्यांनी संध्याकाळी डब्यातले भिजवलेले किंवा फुटाण्याचे हरभरे, शेंगदाणे खावे आणि रात्री हलके जेवावे. वडापाव पंधरा दिवसांतून एकदा, तोही बसून, चवीने.

५. स्टेशन ते घर पायी. पुलावर साधा जिना.

६. सकाळी अर्धा तास एकत्र चालणे. ठाण्याच्या मंडळींना तलावपाळी, उपवन, कचराळी तलाव, कल्याणकरांना काळा तलाव, डोंबिवलीकरांना क्रीडासंकुल. आठवड्यातून दोन दिवस सूर्यनमस्कार किंवा बैठका.

७. वजन आठवड्यातून एकदाच करायचे. कंबर शिंप्याच्या टेपने बेंबीच्या पातळीवर मोजायची. पुरुषांची ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटर यापुढे गेली तर सावध व्हावे.

परिणाम काय झाला? खोटे सांगत नाही. सहा महिन्यांत कोणाचे तीन, कोणाचे पाच किलो उतरले. दोघांचे जवळजवळ काहीच उतरले नाही आणि ते निराश झाले. त्यांना आम्ही चेन्नईचे उदाहरण सांगितले. डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील पाचशेहून अधिक लोकांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना साखर, मैद्यासारखे पदार्थ आणि तेल कमी करून रोज अर्धा तास चालायला सांगितले होते, त्यांच्यात मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. आणि विशेष म्हणजे त्यांचे वजन म्हणावे तसे उतरलेच नव्हते. काट्यावर दिसत नाही तेव्हाही आत काम चालू असते. ते दोघे आजही आमच्याबरोबर चालतात.

काही इशारे आवश्यक आहेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नये किंवा एकाएकी फार कमी करू नये. साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकते, म्हणून असा माणूस चालायला निघाला की खिशात साखर किंवा गोळी असू द्यावी. छातीत दुखत असेल तर चालणे थांबवून तपासणी करावी. गरोदर भगिनींनी आणि वाढत्या वयाच्या मुलांनी वजन उतरवण्याचे प्रयोग करू नयेत. आठवड्याला अर्धा किलोपेक्षा जास्त वेगाची घाई कोणीच करू नये.

आता भगिनींविषयी. आम्ही पुरुष सकाळी चालायला निघालो तेव्हा डबे कोण करत होते? आमच्या घरातील स्त्रिया. त्यांनाही गुडघे आहेत, त्यांनाही साखर होते, आणि "फुकट जाऊ नये" म्हणून उरलेले त्याच खातात. "घरकामात व्यायाम होतोच की" असे म्हणून आपण हात झटकतो. एका ताईंनी आम्हांला सरळ विचारले, "भाऊ, तुमचे चंक्रमण झाले, आमचे कधी?" तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी आम्ही पुरुष पोरे सांभाळतो, कुकर लावतो आणि भगिनी चालायला जातात. उरलेले अन्न फुकट जाऊ द्यायचे नसेल तर शिजवतानाच मोजून शिजवावे, म्हणजे कोणाच्या पोटाची उकिरड्यासारखी अवस्था होणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या अंगात आज ताकद आहे म्हणून हे भाषण म्हाताऱ्यांचे समजू नका. परीक्षेच्या रात्री शीतपेय आणि वेफर्स यांवर जागण्याची सवय वाईट. २०२५ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावण्यास सांगितले, म्हणजे कोणत्या पदार्थात किती साखर आहे हे दाखवणारा फलक. असा एक फलक आपल्या अभ्यासिकेत तुम्हीच तयार करून लावावा. पाकिटावरचे आकडे वाचा, चमच्यांत रूपांतर करा, आणि घरी आईवडिलांना समजावून सांगा. शिकलेल्या मुलाने घराला द्यावयाची ही पहिली मिळकत समजा.

शेवटी संस्थेपुढे आमची एक नम्र सूचना आहे. जयंती असो, धम्मचक्र प्रवर्तन दिन असो, वा गुणवंतांचा सत्कार असो, आपण सामोसा, वेफर्स, पेढा आणि शीतपेयाची बाटली वाटतो. वर्गणी समाजाची आणि त्यातून समाजालाच साखर! यापुढे उकडलेली मटकी किंवा हरभरे, केळे अथवा पेरू, ताक, आणि ज्याला हवी त्याने वेगळी घालून घ्यावी असा बिनसाखरेचा चहा ठेवावा. खर्च वाढणार नाही. वर्षातून दोनदा रक्तदाब, साखर आणि कंबर मोजण्याचे शिबिर घ्यावे. पाहुण्याला कमी साखरेचा चहा देणे म्हणजे त्याचा मान कमी करणे नव्हे, ही गोष्ट संस्थेनेच प्रथम करून दाखवली तर घराघरांत ती सोपी होईल.

आमच्या त्या सहकाऱ्याच्या आई आज हयात आहेत, ऐंशीच्या पुढे आहेत. मुलासाठी घरात पुन्हा बाजरीची भाकरी होऊ लागली तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढी वर्षे मी करीन म्हणत होते, तुम्हीच नको म्हणत होता." आता त्याच सुनेला भाकरी थापायला शिकवतात. मुलगा एक बोट कमी असलेल्या पायाने पुलाचा जिना चढतो, सावकाश चढतो, पण मध्ये बसत नाही. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला शेवटी त्याच्याच घरात मिळाले.

उद्या सकाळी साडेपाच वाजता नेहमीच्या जागी आम्ही चालायला निघणार आहोत. ज्यांना जमेल त्यांनी यावे.

जयभीम! नमो बुद्धाय!